समुद्रात गेलेल्या माणसासाठी घरची प्रार्थना: पुनरुत्थानाबद्दल काय वाचावं, काय बोलावं?

खाडीकाठ (प्रश्न)

मंडळी, सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका वाडीतली गोष्ट आहे, म्हणून नावगाव देत नाही. पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्याच वाऱ्यात होडी उलटली. दोघे पोहत किनाऱ्याला लागले, तिसरा मिळाला नाही. शोध थांबला. घरात आई, बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. तिसाव्या दिवसाची मिस्सा (फादर चालवतात ती मुख्य उपासना) चर्चमध्ये आहेच. आदल्या संध्याकाळी घरी प्रार्थना आहे. फादरांना त्या दिवशी दुसऱ्या गावी जायचंय, त्यामुळे ती वाडीतल्या ख्रिस्ती समूहानेच चालवायची. वाचनं निवडणं आणि पाच-सात मिनिटं बोलणं माझ्याकडे आलंय.

अडचण अशी की दफनच झालेलं नाही, त्यामुळे नेहमीच्या पुस्तकातली अर्धी वाक्यं इथे बसत नाहीत. आई अजून ‘तो येतलो’ म्हणते. निम्मी माणसं हिंदू शेजारी असणार, त्यांना ‘पुन्हा उठणार’ म्हटलं की पुनर्जन्म वाटतो. आणि मुलाला काय सांगायचं तो प्रश्न वेगळाच. ‘येशू उठला, आपणही उठू, रडू नका’ एवढं बोलून खाली बसायचं नाहीये. नेमके उतारे, क्रम, वेळ सांगा.

पास्काची_मेणबत्ती

आधी काय वाचू नका ते सांगतो, कारण कोळ्याचं घर म्हटलं की वाचक नेमके तेच उतारे काढतात.

मार्क ४ मधलं वादळ शांत केल्याचं वाचन नको. उतारा सुंदर आहे, पण त्यात होडी वाचते. ऐकणाऱ्या आईच्या मनात एकच प्रश्न उभा राहील: मग आमचंच वादळ का नाही थांबवलं? तुमच्या सात मिनिटांत त्याचं उत्तर देता येणार नाही. स्तोत्र १०७ चंही तेच. २३व्या ओवीपासून जहाजं, लाटा, भोवंडणारे खलाशी असं सगळं येतं आणि ३०व्या ओवीत ते सुखरूप बंदराला लागतात. तिथे वाचकाचाच आवाज अडकेल.

त्याऐवजी स्तोत्र १३९, ओव्या ७ ते १२. समुद्राच्या पार टोकाला गेलो तरी तिथेही तुझा हात मला धरील, अंधारही तुला अंधार नाही, असा आशय आहे. वाचवलं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तिथेही तू होतास, एवढंच आहे. या घरात खरेपणाने म्हणता येईल असं हेच स्तोत्र.

पहिलं वाचन रोमकरांस पत्र ६:३-९ घ्या. मृतांच्या विधीसाठी दिलेल्या वाचनांपैकीच ते आहे. ख्रिस्तामध्ये बाप्तिस्मा घेतलेले आपण त्याच्या मरणात बाप्तिस्मा पावलो, त्याच्याबरोबर पुरले गेलो, असं प्रेषित पौल तिथे लिहितो. तुमची पहिली अडचण, दफन झालं नाही ही, इथे थेट भेटते. शवपेटीवर फादर पवित्र पाणी शिंपडतात ते बाप्तिस्म्याच्या आठवणीसाठीच. पेटी नसली म्हणून ती आठवण रद्द होत नाही. घरात त्याच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती सापडली तर तीच लावा. पुष्कळ घरांत ती कपाटात लग्नाच्या अल्बमबरोबर असते. नसेल तर साधी पांढरी चालेल.

शुभवर्तमान योहान २१:१-१४. सावकाश वाचलं तर तीन मिनिटं पुरतात. मननही त्यावरच करा, दुसरा उतारा मध्ये आणू नका.

एकंदर चाळीस मिनिटं धरा: गीताची दोन कडवी, प्रारंभीची प्रार्थना, वाचन, स्तोत्र, शुभवर्तमान, मनन, चार-पाच विनवण्या, रोजरीचं (जपमाळेचं) एकच रहस्य, म्हणजे येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग धरून म्हणायचा जपाचा भाग, प्रभूची प्रार्थना, आणि शेवटी मृतांच्या सार्वकालिक विसाव्याची प्रार्थना. रोजरीत मंगळवार-शुक्रवार आले की लोक सवयीने दुःखाची रहस्यं धरतात. वारांचं वाटप ही प्रथा आहे, सक्ती नाही. गौरवाचं पहिलं रहस्य, पुनरुत्थान, तेवढंच एक म्हणा. पूर्ण पाच म्हटलीत तर अर्ध्यातच पाठीमागची माणसं मोबाइल काढतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वसईची_बाय

योहान २१ ला माझं अनुमोदन. पण मननात नेहमी होतं असं की बोलणारा जाळ्यात आलेल्या १५३ माशांवर अडकतो आणि त्या आकड्याचे अर्थ सांगत बसतो. त्या घरात ते नको.

उताऱ्यात काय काय आहे ते नुसतं ओळीने दाखवलंत तरी काम होतं. येशूचे सात शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने परत येतात. पहाटे कोणीतरी किनाऱ्यावर उभा असतो, तो त्यांना ओळखू येत नाही. होडी किनाऱ्यापासून सुमारे दोनशे हात लांब, म्हणजे नव्वद-शंभर मीटर. तुमच्याकडच्या माणसाला हे अंतर बघूनच कळतं, समजावायला लागत नाही. पेत्र पाण्यात उडी टाकतो. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर. आणि मरणातून उठलेला प्रभू तिथे त्यांना काय म्हणतो? आत्ताच धरलेल्यातले थोडे मासे आणा, या, न्याहारी करा.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगा. कोळशाचा विस्तव योहानाच्या शुभवर्तमानात दोनदाच येतो. एकदा १८:१८ मध्ये महायाजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने येशूला ओळखत नसल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्यांदा इथे. पेत्राने केलेलं पुसून टाकलेलं नाही. तशाच विस्तवापाशी त्याला पुन्हा बसवून खाऊ घातलंय. उलटलेल्या होडीतून पोहत आलेले ते दोघे त्या संध्याकाळी तिथे बसलेले असणार. आपण वाचलो, तो राहिला, हे ओझं त्यांच्यावर आहे. त्यांची नावं घेऊ नका, त्यांच्याकडे बघूही नका, पण हा भाग गाळू नका.

आणि शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तरही याच उताऱ्यात आहे. येशू दुसऱ्या कोणाच्या पोटी पुन्हा जन्मला नाही, नुसता आत्मा होऊनही आला नाही. तोच माणूस, त्याच मित्रांना नावानिशी ओळखणारा, मासे भाजणारा. आधीच्या अध्यायात थोमाला तो हातांच्या खुणा दाखवतो, म्हणजे जखमासुद्धा त्याच. आणि आधीच्या जगण्यात तो नुसता परतला असंही नाही. येशूने मरणातून उठवलेला लाजर परत आला, पण पुढे कधीतरी पुन्हा मेला. ख्रिस्त आता मरणार नाही. शेजाऱ्यांना एवढं पुरे. तुलना करत बसलात तर प्रार्थनेची चर्चा होईल.

रत्नागिरी_मंडळी

वरच्या दोघांचं पुष्कळसं पटतं. आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत मृतासाठी विनवणी करत नाही, मागे राहिलेल्यांसाठी करतो, त्यामुळे शेवटच्या प्रार्थनेबद्दल मतभेद राहणारच, तो इथे सुटणार नाही.

माझं सांगणं धीर देताना होणाऱ्या गफलतीबद्दल आहे. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ मधलं ‘आशा नसलेल्या इतरांसारखा खेद करू नये’ हे वाक्य लोक अर्धं ऐकतात आणि ‘खेद करू नये’ एवढंच धरून ठेवतात. मग जो रडतो त्याचा विश्वास कमी, असं नकळत ठरतं. पौलाने ते पत्र सुमारे इ. स. ५० च्या आसपास लिहिलं. तिथल्या लोकांची काळजी अगदी नेमकी होती: प्रभू येण्याआधी जे मेले त्यांचं काय, ते मागे राहणार का? त्याला पौल उत्तर देतो आणि १८व्या ओवीत सांगतो की या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. शोक करू नका असं तिथे नाहीच. आणि खुद्द येशू लाजराला उठवणार हे माहीत असूनही योहान ११:३५ मध्ये रडतो. हे दोन्ही संदर्भ खिशात ठेवा. कोणी म्हातारी बायकोला ‘रडू नको गो’ म्हणायला लागली तर उपयोगी पडतील.

‘देवाचीच इच्छा’, ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात’ ही वाक्यंही नकोत. १ करिंथ १५:२६ मध्ये मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटलंय. शत्रूने नेलेल्या माणसाबद्दल देवाने बोलावून घेतला म्हणायचं आणि लगेच पुढे देव त्या शत्रूला हरवील म्हणायचं, हे एका तोंडाने जमत नाही. पुनरुत्थानातला धीर मुळात इथूनच येतो की मरण ही वाईट गोष्ट आहे आणि देव तिच्या बाजूने नाही.

दिवस भाताच्या कणसांचे आहेत, म्हणून त्याच अध्यायातली २०वी ओवीही बघा. तिथे ख्रिस्ताला झोपी गेलेल्यांतलं प्रथमफळ म्हटलंय. नव्याची पहिली कणसं दाराला बांधतात तेव्हा शेतात उभं असलेलं पीक त्याच भाताचं असतं. पौलाचा मुद्दा हाच आहे: ख्रिस्ताचं उठणं हा एकट्याचा चमत्कार नाही, आपल्याच पिकातली ती पहिली कापणी. हिंदू शेजाऱ्यांनाही हे चटकन पोहोचेल.

खाडीकाठ

देव बरे करू. रोमकरांस ६ डोक्यातच आलं नव्हतं. दोन गोष्टी अजून अडतात. कोणीतरी प्रकटीकरण २१ सुचवलंय, ‘तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील’ म्हणून. ते घ्यावं का? आणि आईचं काय करू? ती जेवणाचं ताट वाढून ठेवते.

पास्काची_मेणबत्ती

प्रकटीकरण २१ पहिल्या ओवीपासून वाचलंत तर ‘समुद्रही राहिला नाही’ हे येतंच. त्या काळच्या यहुदी लिखाणात समुद्र म्हणजे गोंधळ आणि संहाराची जागा. दानीएल ७ मधली श्वापदं समुद्रातून वर येतात, प्रकटीकरण १३ मधलंही. म्हणजे तिथे दुष्टतेचं घर नाहीसं झालं असं म्हणायचंय, पाणी आटलं असं नव्हे. पण हे समजवायला वेळ लागतो, आणि उद्या त्याच समुद्रावर त्याच घराची चूल पेटणार आहे. काहींना ती ओवी नेमकी धीराची वाटेल हेही खरं, समुद्राने नेलंच आहे ना. तुम्ही त्या घराला ओळखता, तुम्ही ठरवा. धोका नको असेल तर ३ ते ५ ओव्या घ्या, अश्रूंचं वाक्य चौथीत आहे.

त्याच्या आधीच्या अध्यायात, २०:१३ मध्ये, समुद्राने आपल्यातले मेलेले परत दिले असं स्पष्ट वाक्य आहे. ते वाचन म्हणून घेऊ नका, संदर्भ न्यायनिवाड्याचा आहे आणि पुढची ओवी अग्नीच्या सरोवराची. पण विनवणीत किंवा मननात एका वाक्याने त्याचा आधार घेता येतो: समुद्राच्या तळाशी असलेलेही देवाच्या हिशोबातून सुटलेले नाहीत. शरीर सापडलं नाही तर उठणार कसं, हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनाही तो पडला होता. पुनरुत्थान अवशेषांच्या शिल्लकीवर अवलंबून असतं तर जुन्या सिमेट्रीतलेही कोणी उठणार नाहीत, तिथे तरी काय उरलंय?

मलपीचा_वारा

आईबद्दल. इथे दोन वेगवेगळ्या आशा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की घात होतो. एक, तो जिवंत परत येईल. दुसरी, तो मेला असला तरी देव त्याला उठवील. ‘आशा सोडू नका’ हे वाक्य मननात चुकूनही नको. तुम्ही दुसरीबद्दल बोलाल, आई पहिली ऐकेल, आणि रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहील. त्याऐवजी ‘तो जिथे असेल तिथे देवाच्या हाती आहे’ म्हणा. हे दोन्ही बाजूंनी खरं आहे आणि खोटी आशा लावत नाही. ताट हटवा असं कोणी सांगू नका. ताट ती हटवील तेव्हा हटवील. त्याचं नाव घेताना ‘कैलासवासी’, ‘दिवंगत’ वगैरे काही लावू नका, साधं नाव घ्या.

पवित्र शनिवारचा, म्हणजे येशूच्या मरणाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांमधल्या दिवसाचा, मुद्दा इथे कोणी आणला नाही म्हणून आणतो. त्या दिवशी मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते, आणि अंधार पडल्यावरच पास्काचं (पुनरुत्थानाच्या सणाचं) जागरण सुरू होतं. शुक्रवारवरून थेट रविवारवर उडी मारायला ख्रिस्तसभेनेच मनाई केलीय, मधला दिवस रिकामा ठेवलाय. ‘अधोलोकात उतरला’ हे प्रेषितांच्या विश्वासांगीकारातलं वाक्य त्याच दिवसाचं: मेलेले जिथे आहेत तिथवर ख्रिस्त गेला, आपली पोच नाही तिथवर. ज्या घराला शरीर मिळालेलं नाही ते घर याच दिवसात अडकलंय. त्यांना ओढून रविवारात आणायची घाई करू नका. सात मिनिटांत ते होणारही नाही.

मुलासाठी. शास्त्रात ‘झोपी गेलेले’ असे शब्द येतात, पण नऊ वर्षांच्या पोराला बाबा झोपलेत म्हणालात तर त्याला रात्री झोपायची भीती बसते. ‘देवाने नेलं’ म्हणालात तर त्याला देवाचा राग येतो. सरळ सांगा: होडी उलटली, बाबा पाण्यात गेले, बहुतेक वारले, आम्हाला ते सापडले नाहीत. येशूही मेला होता आणि देवाने त्याला उठवलं, म्हणून आम्ही मानतो की बाबांनाही देव उठवील, कधी ते आम्हाला माहीत नाही. त्याने विचारलं की मी समुद्रावर जाऊ का, तर हो म्हणा आणि कोणीतरी बरोबर जा. विनवण्यांपैकी एक त्याच्याकडून वाचून घ्यायची असेल तर आदल्या दिवशी विचारा, सगळ्यांसमोर नको.

कायद्याची बाजूही घरच्या पुरुषांच्या कानावर घाला, प्रार्थनेत नाही, नंतर. बेपत्ता माणसाबद्दल सात वर्षं काही कळलं नाही तर मृत्यू गृहीत धरता येतो, ही सर्वसाधारण तरतूद. मिस्सा झाली म्हणजे मृत्यूची नोंद झाली असं नव्हे, आणि नोंद नाही म्हणून मिस्सा थांबत नाही. या दोहोंत गल्लत झाली की घरात भांडणं होतात. पोलिसांतल्या बेपत्ता नोंदीची प्रत आणि मच्छीमार सोसायटीचं पत्र जपून ठेवायला सांगा.

वसईची_बाय

भाऊ, ‘बहुतेक’ हा शब्द आई समोर बसलेली असताना मुलाला सांगू नका. त्याला वेगळा बसवून बोला. बाकी बरोबर.

शरीर पुढे सापडलं तर विधी पुन्हा करायचा का, असं विचारतील. मिस्सा पुन्हा ‘पहिल्यापासून’ करायची गरज नाही, पण दफनविधी तेव्हा होतो, तो आज झालेलाच नाही. नाहीच सापडलं तर समुद्रात दफन होणाऱ्यांसाठी कॅथलिक विधिग्रंथात वेगळी प्रार्थना दिलेली आहे. ती किनाऱ्यावर म्हणता येईल का, फादरांना विचारून ठेवा. आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळे आपापल्या थडग्यावर फुलं-मेणबत्त्या घेऊन जातात तेव्हा हे घर कुठे जाणार? सिमेट्रीतल्या मोठ्या क्रुसापाशी त्यांच्यासाठी जागा ठेवा, समूहाने आधीच. ऐन वेळी त्या बाईने मेणबत्ती हातात घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही.

पास्काची_मेणबत्ती

आता तयारीचं, कारण अशा प्रार्थना शब्दांपेक्षा तयारीत फसतात.

खळ्यात ताडपत्री घालून माणसं बसवणार असाल तर पाऊस आला की ताडपत्रीवर आणि पत्र्यावर इतका आवाज होतो की शुभवर्तमान दुसऱ्या रांगेलाही ऐकू जात नाही. वाचक ओटीवर उभा करा, पाठ भिंतीकडे, तोंड खळ्याकडे. माइक असेल तर दांड्यावर बसवा, हातात फिरवू नका. पाऊस वाढलाच तर वाचन थांबवा आणि गीत धरा, पाऊस कमी झाल्यावर पुढे जा. ओरडून वाचलेलं योहान २१ ऐकवत नाही.

मेणबत्तीला कंदिलाची काच लावा. खारं वारं दारातून येतं आणि ती मध्येच विझली की बायका त्याचा अपशकुन काढतात. विझलीच तर काही न बोलता पुन्हा लावा. फोटो ठेवायचा असेल तर बाजूच्या टेबलावर, क्रुसाच्या पुढे नको, आणि हार घालायचा की नाही ते आईला विचारून. जिची आशा पहिल्या प्रकारची आहे तिला हार घातलेला फोटो बघवणार नाही.

वाचकांना उतारे दोन दिवस आधी द्या, कागदावर मोठ्या अक्षरात. ‘तिबिर्या’ इथे जीभ अडखळते, मोठ्याने दोनदा वाचून घ्या. समूहात जे भाषांतर चालतं तेच सगळ्या वाचनांना वापरा, अर्धं जुन्या मराठीत आणि अर्धं सोप्या मराठीत असं नको. आलेलुया म्हणायला हरकत नाही, तो फक्त ईस्टरआधीच्या उपवासकाळात वगळतात.

चहा प्रार्थनेनंतर लगेच. आणि त्या दोघा पोहून आलेल्यांना ताटं-कप फिरवायचं काम द्या, नाहीतर ते सगळ्यांच्या आधी निघून जातील.

खाडीकाठ

झालं. रोमकरांस ६:३-९, स्तोत्र १३९:७-१२, योहान २१:१-१४, गौरवाचं पहिलं रहस्य. फोटोचं आणि हाराचं आज संध्याकाळी आईला विचारतो. क्रुसाजवळच्या जागेचं समूहाच्या पुढच्या बैठकीत मांडतो.